खारूताई आणि बेडूकराव

मंडळी, आपल्या भाषेचा खारीवर भारी जीव आहे आणि बेडकावर उगाचच राग आहे. खार दिसली की ती 'खारूताई', घरातलीच. बेडूक मात्र नुसता बेडूक. फार लाडात आलो तर 'बेडूकराव', आणि त्या 'राव'मध्येही चेष्टाच जास्त. कुणी थोडी मदत केली की आपण म्हणतो खारीचा वाटा उचलला. घर सोडून बाहेर न पडणाऱ्याला म्हणतो कूपमंडूक. बैलाएवढं व्हायला गेलेली बेडकी फुगून फुगून फुटते, आणि खारीच्या पाठीवरून मात्र साक्षात प्रभू रामचंद्र हात फिरवतात. पक्षपात म्हणावा तरी किती!

मी गेले काही महिने शनिवार-रविवारी ह्या दोघांचा हिशोब मांडतोय. (बाकीचे पाच दिवस दुसऱ्यांनी करून ठेवलेले बग शोधण्यात जातात, त्याबद्दल पुन्हा कधीतरी.) निमित्त माझ्या आजोळचं. आजोळ किल्लारी, तालुका औसा, जिल्हा लातूर. गावाचं नाव घेतलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे ते भूकंपाचं?" हो, तेच. भूकंपावर येतोच, पण आधी हे दोन प्राणी. कारण धाकट्या मामांच्या अंगणात कडुनिंबावर एक राहते आणि त्यांच्या शेतात दुसरा राहतो. दोघांचं ऊन एक, दुष्काळ एक, पाऊस एक. पण ह्या बेभरवशाच्या मुलखात जगायचं कसं ह्याचं दोघांचं उत्तर अगदी उलटं आहे.

आधी ओळखपरेड

आपल्याकडे घराभोवती दिसणाऱ्या खारी मुख्यतः दोन जातींच्या. एक तीन पट्ट्यांची, दुसरी पाच पट्ट्यांची. तीनवाली दक्षिणेकडची. पाचवाली उत्तरेकडची, पण कोरड्या हवेला चांगली सरावलेली, त्यामुळे दख्खनच्या कोरड्या भागातही दिसते. महाराष्ट्रात दोघींच्या हद्दी एकमेकींत मिसळतात. मामांच्या निंबावरची मी नीट निरखून पाहिली: मधे ठळक तीन पांढरे पट्टे आणि दोन्ही बाजूंना एकेक फिकट. म्हणजे पाच. आता रामाने तीन बोटं फिरवली आणि तीन पट्टे उमटले, ही गोष्ट लहानपणी सगळ्यांनी ऐकलेली. किल्लारीच्या खारीवरून बहुतेक पूर्ण पंजा फिरवला असावा. :-)

वजन जेमतेम शंभर ग्रॅम. खायला फळं, बिया, कोवळे कोंब, फुलातला मध, किडे, आणि संधी मिळाली तर पक्ष्याची अंडीसुद्धा. घरटं म्हणजे गवत, काथ्या, कापूस आणि मामींच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या ह्यांचा एक अव्यवस्थित गोळा. मांजर दिसलं की शेपटी उडवत चिर्रर्र चिक् चिक् असा गजर चालू, आणि मांजर कंटाळून निघून जाईपर्यंत तो थांबत नाही.

दुसरा भिडू म्हणजे आपला मोठा बेडूक. हिरवट-तपकिरी, पाठीवर लांबट वळ्या, बऱ्याचदा मधोमध एक पिवळी रेघ. भारतात सापडणाऱ्या सर्वांत मोठ्या बेडकांपैकी हा एक. वीतभर नसला तरी वितीच्या जवळ जातो. एरवी मातकट दिसणारा हा गडी पहिल्या दमदार पावसात असा काही रंग बदलतो की ओळखू येत नाही. नर लिंबासारखा पिवळाधम्मक होतो, आणि ओरडताना गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे फुगतात. तोंडात मावेल ते खातो: किडे, खेकडे, उंदराची पिल्लं, लहानसा पक्षी, आणि दुसरा बेडूकही. साधूसारखा डोळे मिटून बसलेला दिसला तरी साधू नाही, एवढं लक्षात ठेवा.

वीजबिल कुणाचं किती

आता मुद्द्याचं. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. खार म्हणजे चोवीस तास चालू ठेवलेला सर्व्हर. बेडूक म्हणजे काम नसलं की स्वतःहून स्लीप मोडमध्ये जाणारं यंत्र.

खार उष्ण रक्ताची. बाहेर जानेवारीतली पहाट असो की मे महिन्यातली दुपार, आतलं तापमान साधारण तेवढंच राखायचं. ते राखायला इंधन लागतं. सस्तन प्राणी काही न करता नुसता बसून राहिला तरी त्याचा खर्च त्याच वजनाच्या, तेवढ्याच उबदार अंगाच्या सरड्या-बेडकाच्या साधारण पाच ते दहा पट असतो. त्यात खार एवढीशी. जितकं शरीर लहान तितकी उष्णता भरभर उडून जाते. थंड मुलखातल्या काही खारी हिवाळ्यात महिनोन् महिने झोपतात, ती सोय आपल्या खारूताईला नाही. तिला रोज कमवायचं आणि रोज खायचं. दुष्काळ असला तरी रोज. सुट्टी नाही, रजा नाही.

बेडकाचं उलटं. आत भट्टीच नाही, त्यामुळे ती पेटती ठेवायचा खर्चही नाही. त्याची अडचण वेगळी, त्याची कातडी. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषून घेतो. थोडा श्वासही कातडीतून घेतो. म्हणजे ती सतत ओली हवी. मराठवाड्याच्या एप्रिलमध्ये ओली कातडी घेऊन फिरणं म्हणजे आत्महत्या. मग तो काय करतो? खाली जातो. ओढ्याकाठचा चिखल, बिळं, दगडाखालची ओल, जिथे गारवा टिकेल तिथे शिरतो आणि थांबतो. मूत्राशयात साठलेलं पातळ पाणी हीच त्याची टाकी. ऑस्ट्रेलियातल्या काही बिळकरी बेडकांवर नीट मोजमापं झाली आहेत. असे जमिनीत थांबलेले असताना त्यांचा आधीच कमी असलेला खर्च आणखी पाव-तिसऱ्या हिश्शावर येतो. हृदय चालू, पण जेमतेम. बॅटरी वाचवणं म्हणतात ते हे. आमच्या कंपनीच्या फोनना अजून जमलेलं नाही.

आता ह्यात हुशार कोण? प्रश्न चुकीचा आहे. पाऊस वेळेवर येत असेल, झाडाला फळ असेल, अंगणात कुणी ज्वारी वाळत घालत असेल, तर खार जिंकते, कारण ती प्रत्येक दिवस वापरते. पाऊस चार महिने नाही तर चौदा महिने आला नाही तर? तेव्हा रोजचा खर्च असणाऱ्याची पंचाईत. लातूरकरांना हे समजावून सांगायची गरज नाही. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातुरात आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. शहरं म्हणजे खारीच असतात. रोज लागतंच. त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीला असा पाऊस झाला की कोरडं ठाक पडलेलं मांजरा धरण भरलं, आणि शेताशेतांतून डराव डराव चालू झालं. चार वर्षांत तीनदा पावसाने दगा दिला होता. हे सगळे होते कुठे? तिथेच होते.

पोरंबाळं

संसाराची तऱ्हाही ह्याच हिशोबाने. खारीला चाळीसएक दिवसांच्या गरोदरपणानंतर दोन-तीन पिल्लं होतात, उघडीनागडी, डोळे मिटलेली. आई पाजते, घरट्यात धोका वाटला तर तोंडात धरून दुसरीकडे हलवते. बाबा ह्या सगळ्यात कुठेच नसतात. मोजकी गुंतवणूक, भरपूर देखभाल.

बेडकीण पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या थोड्याच रात्रींत साचलेल्या डबक्यात हजारोंनी अंडी घालते आणि निघून जाते. मग सुरू होते शर्यत: डबकं आधी आटतं की भैरोबांना (आमच्याकडे बेडकाच्या पिल्लांना काय काय नावं आहेत, मी आपलं हे ठेवलंय) आधी पाय फुटतात. बहुतेक हरतात. ह्या जातीची पिल्लं दुसऱ्यांच्या पिल्लांना आणि वेळप्रसंगी आपल्याच भावंडांना खातात, म्हणजे शर्यतीत डबा बरोबर न्यायची गरज नाही. एखाद्या वर्षी सगळीच्या सगळी पिढी वाया जाते. पण मोठी माणसं खाली जिवंत असली की पुढच्या वर्षी पुन्हा डाव. ह्या पद्धतीला एकच गोष्ट अनिवार्य आहे. डबकं त्याच जागी परत झालं पाहिजे.

हे वाक्य लक्षात ठेवा.

दोघेही ऑनसाईट गेले होते!

एक गंमत सांगतो. दोघांनाही परदेशी पाठवून झालंय. पाच पट्ट्यांची खार १८९८ च्या सुमाराला ऑस्ट्रेलियात पर्थच्या प्राणिसंग्रहालयातून बाहेर पडली आणि तिथेच स्थायिक झाली. तिला स्वतंत्र जात म्हणून शास्त्रीय नाव मिळालं १९०५ मध्ये. म्हणजे व्हिसा आधी आणि पासपोर्ट नंतर. एवढी चळवळी, एवढी उद्योगी, तरी शंभरहून जास्त वर्षांत ती त्या शहराच्या आसपासच राहिली.

आणि आमचा आळशी, कूपमंडूक वगैरे? तो माणसाच्या नकळत अंदमानात पोचला आणि ह्या शतकाच्या वीसेक वर्षांत बेटामागून बेट व्यापत गेला. तिथल्या स्थानिक बेडकांची पिल्लं त्याची पिल्लं खातात, त्यामुळे संशोधकांना तो आता डोकेदुखी वाटतो. मादागास्करमध्येही तीच कथा. तेव्हा 'विहिरीतला बेडूक' म्हणताना जरा जपून.

ह्याच बेडकाच्या तंगड्यांना परदेशात एवढी मागणी होती की आपण त्या वर्षाला हजारो टनांनी पाठवत होतो. १९८७ साली भारताने ही निर्यात बंद केली. शेतातले किडे खाणारा फुकटचा गडी आपण विकतोय आणि त्या पैशातून कीटकनाशकं आणतोय, असा तेव्हाचा युक्तिवाद. मला अजून त्यात चूक काढता आलेली नाही.

जमिनीखालचं

आता भूकंप. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून गाव झोपलेलं. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात ह्या घरांइतकं गार काही नाही, आणि कोसळताना ह्यांच्याइतकं वाईट काही नाही. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद (आताचा धाराशिव) मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. आमच्या घरातली आजी आणि धाकट्या मामांची लहान मुलगी त्यात होती. मी तेव्हा आठवीत होतो, पुण्यात.

त्याआधी वर्षभर, १९९२ च्या ऑगस्टपासून, किल्लारीत लहान लहान धक्के बसत होते. लोक बाहेर झोपायचे. मग धक्के थांबल्यासारखे झाले आणि लोक पुन्हा घरात झोपायला लागले. भूकंपप्रवणतेच्या तेव्हाच्या नकाशात हा भाग पहिल्या श्रेणीत होता, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा. २००२ साली नकाशा सुधारला तेव्हा पहिली श्रेणीच काढून टाकली आणि किल्लारी तिसऱ्या श्रेणीत आली. मधल्या काळात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीत ६१७ मीटर खोल भोक पाडून पाहिलं. वरचे ३३८ मीटर काळा पाषाण, मग ८ मीटरचा गाळाचा पातळ थर, त्याखाली जुना पाया. ह्या दख्खनच्या पठाराला आपण 'स्थिर' म्हणत आलो होतो, कारण ते आपल्या आठवणीत कधी हललं नव्हतं.

बेडकांना भूकंप आधी कळतो का? हा प्रश्न मला प्रत्येक वेळी कुणीतरी विचारतंच. इटलीतलं एक उदाहरण खरं आहे. ६ एप्रिल २००९ ला लाक्विला शहराजवळ भूकंप झाला. तिथून ७४ किलोमीटरवरच्या एका तळ्यावर रेचेल ग्रँट ही संशोधक भेकांचा, म्हणजे खरखरीत कातडीच्या बेडकांचा, विणीचा हंगाम मोजत होती. भूकंपाच्या पाच दिवस आधी तिथले ९६ टक्के नर तळं सोडून गेले. विणीच्या ऐन मोसमात असं सहसा होत नाही. तिने २०१० साली ते प्रसिद्ध केलं. पण एक तळं आणि एक भूकंप, एवढ्यावर कायदा होत नाही. मला त्यातली भविष्यवाणी महत्त्वाची वाटतच नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की कुणीतरी रोज जाऊन बेडूक मोजत होतं. किल्लारीत सप्टेंबर १९९३ मध्ये बेडूक काय करत होते हे जगात कुणालाही माहीत नाही. मोजतच कोण होतं?

आमच्या धंद्यात डेटाबेस शिकताना पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवतात. 'शून्य' आणि 'नल' वेगळे. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. नल म्हणजे मोजलंच नाही. नवीन पोरं नलच्या जागी शून्य भरतात, आणि मग बेरजा अगदी बिनचूक दिसतात. मे महिन्यात किल्लारीच्या शेतात बेडूक किती? दिसत नाहीत, म्हणून शून्य? नाही. तिथे नल लिहायचं असतं. त्या नकाशातली पहिली श्रेणी हीसुद्धा बऱ्याच अंशी शून्य म्हणून छापलेली नलच होती.

दोन मामा

माणसांच्या बाबतीतही आपण हेच करतो. भूकंपानंतर थोरले मामा चौथ्या दिवशी उभे राहिले. ढिगारा उपसायला ते, पंचनाम्याला ते, मदतीच्या ट्रकवर चढून वाटप करायला ते. सहा महिन्यांत पुण्याला आले, टेम्पो घेतला, मग दुसरा घेतला. आमच्या सगळ्या नातेवाइकांत त्यांचं उदाहरण दिलं जायचं. "बघा, माणूस असा असावा."

धाकटे मामा पत्र्याच्या शेडमध्ये बसून राहिले. जवळजवळ दोन वर्षं. शेताकडे जायचे नाहीत, बोलायचे नाहीत. कुणी आलं तर हातानेच बस म्हणायचे. दिवाळीला घरात चर्चा व्हायची, दबक्या आवाजात, की ह्याचं आता काही खरं नाही. थोरल्या मामांनी एकदा सरळ सांगून टाकलं, "त्याला आता संपलेलाच धरा."

संपलेले नव्हते. नव्या गावात घर मिळालं, सिमेंटच्या छपराचं, सरळ रेषेतल्या गल्लीत. तिसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी काही न सांगता ते बैल घेऊन शेतावर गेले. मामी सांगतात, "मी बी काई ईचारले नाई. भाकर बांधून दिली." त्या नंतरची तीस वर्षं त्यांनी शेत केलं, दोन पोरं शिकवली, अंगणात तो कडुनिंब लावला. खार त्याच निंबावरची.

आता लगेच थोरले मामा म्हणजे खार आणि धाकटे म्हणजे बेडूक असं लेबल लावून मोकळं होऊ नका. माणूस असा एका खोक्यात बसत नाही. थोरल्या मामांनी पुण्यात आल्यावर किती रात्री दिवा चालू ठेवून झोप काढली, हे त्यांच्या शेजारच्या खोलीत मी होतो म्हणून मला माहीत आहे. आणि धाकटे मामा दोन वर्षं बसू शकले, कारण मामी बसल्या नाहीत. रेशनची रांग, टँकरची रांग, मदतीच्या यादीत नाव, पोरांची शाळा, सगळं त्यांनी ओढलं. स्वतःची मुलगी गेलेली असताना. त्यांचं उदाहरण कुणी दिलं नाही. थोरले मामा ट्रकवर उभे होते, ते सगळ्यांना दिसले. रांगेत उभी असलेली बाई कुणाला दिसत नाही. मामींच्या रकान्यातही नलच.

बुजवायचं की नाही

हे सगळं आत्ता लिहायचं कारण तसं साधं आहे. मामांच्या शेतात ओढ्याच्या बाजूला दोन-अडीच गुंठ्याचं लवण आहे. पावसाळ्यात तिथे पाणी साचतं, जमीन चिबडते आणि सोयाबीन पिवळं पडून मुळं कुजतात. दरवर्षी तेवढं पीक जातंच. माझा मामेभाऊ म्हणतो, जेसीबी बोलावू, तलावातला गाळ आणून टाकू, एका दिवसात सपाट. त्याचंही चूक नाही. बियाणं, फवारणी, मळणी सगळ्याचे भाव वाढलेत, सोयाबीनचे वाढत नाहीत, आणि अडीच गुंठे म्हणजे त्याच्यासाठी खरे पैसे आहेत. पाण्याची सोय हवी तर प्लॅस्टिक अंथरलेलं शेततळं करू म्हणतो. पण प्लॅस्टिकच्या उतरत्या गुळगुळीत काठावरून पडलेल्या बेडकाला वर येणं अवघड जातं, आणि चार बोटं पाण्याच्या उथळ, गवताळ डबक्याचं काम तीन मीटर खोल तळं करत नाही.

मामा ऐकून घेतात आणि एवढंच म्हणतात, "तितं बेडकं येतेत." बस्स. पुढे नाही, मागे नाही.

बेडकाचा सगळा व्यवहार ह्या एका जागेच्या भरवशावर आहे. दुष्काळ त्याला चालतो. दोन वर्षं पाऊस नाही तरी कदाचित तग धरेल. त्याला चालत नाही ते हे, की तो खाली थांबलेला असताना वर कुणी जागाच बदलून ठेवली. तणनाशकाचंही तसंच. पिट्सबर्गच्या रिक रेलियांनी २००५ साली दाखवलं की बाजारात मिळणारं एक नेहमीचं तणनाशक डबक्यात उतरलं तर तिकडच्या बेडकांच्या पिल्लांचा फडशा पडतो. फवारणीचा काळ आणि पिल्लांचा काळ आपल्याकडेही एकच, जून-जुलै.

ह्यातली काळजीची गोष्ट अशी की ह्यातलं काहीही खारीला लागत नाही. लवण बुजलं तरी निंबावर चिक् चिक् चालूच राहील. अंगणात खार नाचतेय म्हणजे निसर्ग ठीक चाललाय असं वाटत राहील. आमच्या भाषेत, डॅशबोर्डवर सगळे दिवे हिरवे, कारण जे बंद पडलं त्याला दिवाच लावला नव्हता. आज ह्या दोन्ही जाती धोक्याबाहेरच्या यादीत आहेत, ते बरं आहे. पण २०२३ च्या जागतिक पाहणीत उभयचरांच्या जवळजवळ ४१ टक्के जाती धोक्यात निघाल्या, सस्तन प्राण्यांच्या साधारण पाव. जे थांबून राहतात ते आधी जातात, आणि गेलेले उशिरा कळतात.

आपल्याकडे हे कधी कुणाला कळलंच नव्हतं असं नाही. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात एक आख्खं सूक्त बेडकांवर आहे, वर्षभर व्रतस्थासारखे गप्प राहून पावसाने बोलते झालेल्या बेडकांवर. आणि पाऊस लांबला की आमच्याकडे धोंडी निघायची: अंगभर निंबाचा पाला बांधलेला पोरगा, मुसळाला बांधलेला बेडूक, आणि दारोदार बायका वरून पाणी ओतणार. (बेडकाचे हाल होतात, ते सोडूनच द्यावं.) पण पावसाची आठवण करून द्यायला गावाने खारीला नाही, बेडकाला नेलं. वाट बघणं म्हणजे काय ते ह्याला ठाऊक आहे, एवढं गावाला माहीत होतं.

मी मामेभावाला एक हिशोब पाठवलाय. लवणात सोयाबीनऐवजी ओलीला टिकणारं वैरणीचं गवत घेतलं तर वर्षाचं किती पडेल आणि फरक किती येईल. तो फरक मी आणि थोरल्या मामांचा मुलगा मिळून दरवर्षी देऊ, भाडं म्हणून. त्याने "बगूत की" असं उत्तर दिलंय. लातुरात "बगूत की" म्हणजे होय पण नाही आणि नाही पण नाही. तेव्हा जेसीबी येणार की नाही, हे आज मला सांगता येणार नाही.

पण येत्या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की दोन रात्री रजा टाकून जायचं नक्की केलंय. बॅटरी, वही आणि पेन. पिवळे नर मोजायचे, अंड्यांचे पुंजके मोजायचे, तारीख घालून लिहून ठेवायचं. आकडा शून्य आला तर शून्य लिहीन. तो निदान मोजलेला असेल.

तुमच्याही गावात असं एखादं लवण, खदान, रस्त्याकडेचं डबकं असेलच. पहिल्या पावसात एक रात्र जाऊन ऐका, आणि किती आवाज आले ते कुठेतरी लिहून ठेवा. खारूताईचं काय, ती दिसतेच आहे.